चंद्र, पापड आणि पुठ्ठ्याचं दुकान

रावेरला मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा आकाशातून पापड पडला.

पत्रकं लिहिणाऱ्यांवर तिखटमीठ लावल्याचा आरोप नेहमीच होतो, म्हणून शपथेवर सांगते. पाठीवर सॅक घेऊन मी एका पॅकिंग मटेरियलच्या दुकानासमोर उभी होते, आणि गच्चीवरून एक खोकं खताच्या पिशवीच्या छत्रीला लटकत, गिरक्या घेत, माझ्या पायाशी येऊन टेकलं. ओट्यावरच्या बाया ओरडल्या, "उघड ना पोरी! बघत काय बसली?" मी उघडलं. आत भाजलेला मुगाचा पापड.

वरून आवाज आला, "साबूत?"

"कडेला तडा आहे," मी म्हटलं.

कठड्यावरून एक डोकं डोकावलं. मग, "तडा किती? नखाएवढा की बोटाएवढा?"

हे माझे होणारे घरमालक. तडा नखाएवढा होता असं मी सांगितलं, आणि मला वाटतं खोली मला त्या उत्तरावरच मिळाली. कारण "काय करता, कुठल्या, लग्न झालंय का" यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. खाली येऊन पापड उन्हाकडे धरून पाहिला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला आणि म्हणाले, "छत्री चांगली होती. टेकताना मार बसला. टेकणं हीच खरी भानगड आहे."

ते जैन मारवाडी. आजोबा राजस्थानातून आलेले, वडिलांची धान्याची आडत. यांनी मात्र केळीची खोकी, फोमच्या शिटा, पॉलिथीन, सुतळी, चिकटपट्ट्या असला माल विकायला घेतला. सगळं रावेर त्यांना शेठ म्हणायचं, मी काका म्हणायची आणि ते मला 'पत्रकवाली' म्हणायचे. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर निम्मा तालुका मजकूर सोडून नावावर भांडेल आणि उरलेला निम्मा आपलं नाव का घातलं नाही म्हणून मला फोन करेल.

काकांचं एक मत होतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या दुकानातून सुतळीचा गुंडासुद्धा बाहेर पडत नसे. मत असं, की माणूस अवकाशात गेला तो पॅकिंगच्या जोरावर.

"रॉकेट काय, मोठा सुतळी बॉम्ब! वर फेकायला अक्कल लागत नाही बेटा, दिवाळीत पोरंही फेकतात. पोचल्यावर पेटी उघडली आणि आतला माल साबूत निघाला, त्याला शोध म्हणतात. बाकी सगळा आवाज."

"काका, इंधन? दिशा? गणित?"

"ते तुझे सायन्सवाले सांगतील. मी आतल्या मालाचं बोलतोय."

हे खूळ शिरलं रद्दीतून. पूर्वी माल गुंडाळायला रद्दी वजनावर घ्यायचे, त्यात रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं यायची. मुलं त्यांची वह्यांना कव्हरं घालत. एका पानावर अवकाशवीर प्लास्टरच्या लगद्यात बसलेला दिसला. त्याच्या पाठीचा साचा घेत होते, त्या साच्यावरून त्याची खुर्ची होणार होती. काका तेव्हा कॉलेजात. म्हणाले, "मी वडिलांना ते पान दाखवलं. म्हटलं, बघा, या माणसाला त्याच्या मापाचं खोकं करतायत. वडील म्हणाले, गिऱ्हाईक उभं आहे. मी गिऱ्हाइकाला दुसऱ्या पानात गुंडाळून दिलं."

तिथून पुढे जगातलं प्रत्येक यान त्यांनी पॅकिंगवाल्याच्या नजरेनं पाहिलं. बागायतदार फोमच्या शिटा घ्यायला आला की शिटा मोजता मोजता त्याला मंगळावर नेऊन आणायचे. "मंगळावर गाडी कशी उतरवली ठाऊक आहे? फुग्यांत बांधून फेकली! चेंडूसारखी टप्पे खात गेली. पहिल्या टप्प्याला ती पाठवणाऱ्या सायबाच्या पोटात काय गोळा आला असेल, विचार कर. पुढची गाडी जड झाली, फुगे पेलेनात. मग काय केलं? दोर लावून वरून खाली सोडली, विहिरीत बादली सोडतात तशी." बागायतदार बिचारा मान हलवायचा. त्याची गाडी बाहेर चालू असायची.

त्यांचा सर्वांत लाडका सिद्धान्त चंद्राचा होता. "माणूस चंद्रावर पुठ्ठ्यावर उतरला."

हे ऐकून मी पहिल्यांदा भांडले. माझ्या मोबाईलवर शोधून त्यांच्या नाकासमोर धरलं. "अल्युमिनियम होतं, काका! यानाच्या पायांत मधमाशांच्या असतं तसं अल्युमिनियमचं पोळं भरलं होतं. धक्का बसला की ते चुरगळायचं."

"पोळंच ना?"

"हो, पण धातूचं!"

"माझं कागदाचं. माल बदलला म्हणून पोळ्याची जात बदलते काय?" आणि षटकोनी भोकांचा कागदी पुठ्ठा जमिनीवर टाकून हे साठीचे गृहस्थ काउंटरवरून त्यावर उडी मारून मोकळे. पुठ्ठा चपटा. "बघ. हा मेला. माझा घोटा मेला का?"

आतून काकीजी ओरडल्या, "घोटा मेला तर मी दाबून देणार नाही, आधीच सांगते!"

काकीजींचं आणि अंतराळाचं वैर होतं, कारण चाचणीचा माल त्यांच्या डब्यातून जायचा. दुसरी माणसं अंडं टाकून बघतात म्हणे. जैनाच्या घरात अंडं कुठून येणार? म्हणून पापड. दर रविवारी सकाळी गल्लीत 'पाडापाडी' व्हायची. कधी छत्री, कधी फुगे, कधी पोळ्याचे पाय. फुटलेल्या पापडाचा चुरा गल्लीत वाटला जायचा, त्यामुळे फुटावा अशीच अर्ध्या गल्लीची प्रार्थना असे. काकीजी म्हणायच्या, "चंद्रावर कोण पापड मागवतंय ते तरी कळू दे. ऑर्डर असेल तर लाटायला बाया लावते."

काका धर्मानं पक्के. सूर्यास्तानंतर अन्न नाही. एकदा जेवता जेवता त्यांच्या डोक्यात आलं, की पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात दिवसातून पंधरा-सोळा वेळा सूर्य मावळतो. मग जैन अवकाशवीरानं जेवायचं कधी? हा प्रश्न त्यांनी चातुर्मासाला आलेल्या महाराजांना भर सभेत विचारला. महाराज हसले. म्हणाले, तिथे गेल्यावर विचार. काका घरी येऊन हिरमुसले. "हसण्यावारी नेलं. पाऊण तासाच्या आत ताट पुसायला लागणार, साधी गोष्ट आहे का?"

पुन्हा वापरता येणारी रॉकेटं आली तेव्हा सगळं जग थक्क झालं, काका चिडले. "इतकी वर्षं ही मंडळी रिकामे क्रेट समुद्रात फेकत होती! आणि आता परत आणले तर टाळ्या? आमच्यातला एक मुनीम नेऊन बसवला असता ना, पहिल्याच खेपेला रिकामं परत मागवलं असतं."

मी रावेरला आले होते भांडायला. मूळची मी धुळ्याची, देवपूरची. आमची संघटना शेतमजूर बायांची. केळीच्या बागेत ज्या बाया फण्या धुतात, पुसतात, खोक्यात भरतात, त्यांना ना आडोसा, ना संडास, ना धड वाहन. माझ्या पत्रकांची भाषा तुम्हाला ठाऊक असेल: 'जाहीर निषेध', 'आता बस्स', आणि तीन उद्गारचिन्हं. काकांच्या मंगळाचा मला संताप यायचा. एकदा मी त्यांना सरळ म्हटलं, "इथे बाईला दिवसभर लघवी दाबून काम करावं लागतं आणि तुम्ही मंगळाच्या गप्पा काय मारता? लाज वाटली पाहिजे!"

काका अजिबात रागावले नाहीत. उलट डोळे चमकले. "अमेरिकेनं पहिला गडी बसवला तेव्हा हेच झालं! उड्डाण पंधरा मिनिटांचं, म्हणून कोणी विचारच केला नाही. उड्डाणाला उशीर झाला, गडी आत बांधलेला, तासन् तास. त्याला लागली!"

"मग?"

"मग काय? अंगातल्या पोशाखातच. एवढे मोठे इंजिनियर, बेटा, सगळं मोजलं, आणि माणसाला लघवी लागते हे विसरले. पुढच्या वेळी सोय केली. तुझे बागवाले कधी करणार विचार."

ते मी पत्रकात घातलं. 'अमेरिका एका खेपेत शिकली, तुम्ही कधी?' असं शीर्षक. रावेर ते यावल, केळी भरायच्या सगळ्या पॅकहाऊसांत ते पत्रक फिरलं, आणि चार ठिकाणी तरी कापडाचे आडोसे आले. माझ्या आयुष्यातलं पहिलं यशस्वी पत्रक, आणि त्याची मूळ कल्पना एका मारवाड्याची, हे मला पचायला वेळ लागला.

आता यमुनाअक्काचं सांगते, कारण काका कळायचे तर तिथेच कळतात.

यमुनाअक्का माहेरची साक्रीकडची, अहिराणी बोलणारी, एका टोळीची पुढारी. टोळी म्हणजे व्यापाऱ्याच्या कामावर एकत्र जाणाऱ्या दहा-बारा बाया. सकाळी त्यांना पिकअपच्या मागच्या हौद्यात उभं भरायचं, संध्याकाळी भरलेल्या खोक्यांवर बसवून परत आणायचं. एका सकाळी नाल्याच्या उतारावर गाडी आपटली. अक्का चाकावरच्या पत्र्यावर टेकून होती, ती उडून त्याच पत्र्यावर कण्यावर बसली. टोळी कामाला लावणाऱ्या ठेकेदारानं विचारलं, "लागलं का?" अक्का उठली, म्हणाली, काही नाही. दिवसभर काम केलं. दोन दिवसांनी तिला अंथरुणावरून उठता येईना. ठेकेदार म्हणाला, "त्या दिवशी तर चालत घरी गेली! आता कुठून दुखणं काढलं? गाडीत बसवत नसेल तर येऊ नको."

अक्काचं घर तिच्या एकटीच्या कमाईवर. कामावर जायचं तर त्याच गाडीतून जायचं, आणि गाडीत बसलं की कणा ओरडतो. आमची मागणी साधी होती: हौद्यात पाठ टेकायची बाकडी, गादी, पट्टे, वर छत, आणि बायांना खोक्यांवर बसवणं बंद. व्यापारी म्हणाले ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणाला गाडीवाल्याला विचारा. गाडीवाला म्हणाला, "माझी गाडी मालाची आहे ताई, माणसांची नाही."

मी पेटले. रात्रीतून पत्रक लिहिलं. शीर्षक: 'आम्ही माणसं आहोत, माल नाही!!!' छापायला जाण्याआधी काकांना अभिमानानं दाखवलं.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "उलटं लिही."

"म्हणजे?"

"आम्हाला माल समजा, असं लिही."

माझं डोकंच फिरलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर मी काकांना सरंजामी, भांडवलदार आणि बायांचे वैरी म्हटलं. ते सुतळी गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले.

मग बोलले. "पहिल्यांदा अवकाशात कुत्री पाठवली, ठाऊक आहे? तिला परत आणायची पॅकिंगच केली नव्हती. जायची केली, यायची नाही. मी ते आजही मोजत नाही शोधांत. मग माणूस पाठवायचा म्हटल्यावर त्यांनी शूर शूर वैमानिक निवडले. शूर माणूस म्हणतो, मी सहन करीन. पण धक्क्याला शौर्य कळत नाही. तेव्हा त्यांनी त्या शूराला काय केलं? तोलला. मोजला. साच्यात बसवला. डोकं किती हलेल, कणा किती दबेल, सगळं केळीच्या घडासारखं तपासलं. त्याला माल केला, पत्रकवाली, म्हणून तो जिवंत घरी आला. तुझ्या बायांना हे लोक माणूसच समजतात. म्हणतात, माणूस आहे, सहन करील. केळीला असं कोणी म्हणत नाही."

 गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. पण मला पटलं नव्हतं. असली घोषणा कुठल्या बाईला आवडेल? मी तणतणत अक्काकडे गेले आणि शेठ काय बरळतोय ते सांगितलं. अक्का पालथी पडून कंबर शेकत होती. ती हसायला लागली, आणि हसताना कंबर दुखते म्हणून शिव्या द्यायला लागली.

"शेठ बराबर बोलस! केळास्ले गादी शे, आन् आम्हले पत्रा. आम्ही काय लोखंडन्या शेतस? लिही, लिही तसंच!"

तसंच लिहिलं. पुढे जे झालं ते रावेरात अजून सांगतात. सोमवारी सकाळी व्यापाऱ्यांच्या बैठकीसमोर बाया ओळीनं उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर खोक्यांवर लावतात तसलं मोठं स्टिकर. पेल्याचं चित्र, खाली 'नाजूक माल', बाजूला दोन बाण, 'ही बाजू वर'. स्टिकरं काकांच्या दुकानातली. एकीनं बाण उलटे लावले होते, तर बाकीच्या तिला "हिला डोक्यावर उभी करा" म्हणून चिडवत होत्या. घोषणा एकच: "आम्हाले माल समजा! आम्हाले गादी द्या!"

व्यापाऱ्यांचे अध्यक्ष बाहेर आले. मोठे बागायतदार, स्वतःचं पिकवणी केंद्र असलेले. बायांकडे दुर्लक्ष करून ते काकांकडे वळले. "काय बापा शेठ, तुमाले काय करायचं बायांचं? तुमी खोके विका."

"खोकेच विकतोय आबा. गिऱ्हाईक वाढवतोय."

"नुकसान दाखवा कोठी झालं ते! रोज जातात, रोज येतात. आजपर्यंत एक तरी तुटली का? ती यमुना बी चालत घरी गेली. मी सोता पाह्यलं."

"हिरवी होती तेव्हा पाहिलंत," काका म्हणाले.

अध्यक्षांना कळलं नाही. मलाही नाही. पण मागे उभ्या असलेल्या दोन व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

केळीचा धंदा न करणाऱ्यांसाठी सांगते. कच्चं केळं आपटलं तर त्या दिवशी काही दिसत नाही. हिरवंगार, टणक. गाडीतून उतरवताना कितीही बघा, माल पास. चार-पाच दिवसांनी ते पिकवून बाहेर काढलं, की जिथे मार बसला होता तिथे काळा डाग उमटतो. उत्तरेतल्या बाजारातून फोन येतो, शिव्या येतात, भाव पडतो. हे रावेरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोणता डाग दोरीचा, कोणता गाडीच्या कडेचा, हे अध्यक्ष डोळे मिटून बोट फिरवून सांगायचे.

काका म्हणाले, "आबा, एक चाचणी करू. तुमच्याच बागेचा एक घड घ्या. त्याच्या निम्म्या फण्या फोम लावून खोक्यात भरा, नेहमीसारख्या. उरलेल्या निम्म्या, जिथे यमुना बसते त्या पत्र्यावर बांधा. गादी नाही, काही नाही. आठवडाभर तुमच्याच गाडीतून बायांबरोबर जाऊ द्या, येऊ द्या. मग दोन्ही तुमच्याच चेंबरमध्ये पिकवा. कुलूप तुमचं, किल्ली तुमची."

"आन् मंग?"

"मग उघडू. डाग नसला तर मी या बायांची स्टिकरं काढून माझ्या पाठीला लावतो."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "शेठ, खोके आमी बऱ्हानपुराहून बी मागवू शकतो, ध्यानात ठेवा."

"मागवा. पण घेण्याआधी गच्चीवरून टाकून बघा."

चारचौघांत आव्हान दिल्यावर माघार घेणं अध्यक्षांना जमलं नसतं. फण्या बांधल्या. मी रोज सकाळी जाऊन तपासायची, कुणी फडकंबिडकं तर घातलं नाही ना. अक्काची जागा फण्यांनी घेतली, म्हणून काकांनी गाडीवाल्याशी भांडून तिला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. ती खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या बायांना सांगायची, "मनी जागा नीट सांभाळा वं! केळास्ले दुखाले नको!"

त्या आठवड्यात काकांचा धंदा खरंच बसला. तीन मोठ्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. दुकानात माशा मारत बसलेले काका मला आठवतात, आणि त्यांचा चेहरा लग्नघरासारखा होता. काकीजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बेटा, डाग येईल ना?" मी म्हटलं, "येईलच." आत जाऊन मी पुढचं पत्रक लिहायला घेतलं आणि शीर्षकावरच अडले. आला नाही तर? पत्रा मऊ निघाला, नाल्यावर गाडी सावकाश गेली, तर? मग अक्काचं दुखणं खोटं ठरणार होतं, कायमचं.

मी काकांना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. उतरायला गेलेलं आपलं पहिलं यान चंद्रावर आपटलं, सगळं गाव रडलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. पण नंतर त्यांनी शोधून काढलं चूक कुठे झाली ती, आणि पुढच्या यानाचे पाय मजबूत केले. दुसरं उतरलं तेव्हा लोक फटाके फोडत होते, आठवतंय? मी कोणाला काय विचारत होतो?"

आठवत होतं. त्या संध्याकाळी अख्खं रावेर चौकात नाचत होतं, आणि काका प्रत्येकाला धरून विचारत होते, "पाय किती दबले? काही सांगितलं का? पाय किती दबले?" कुणीतरी त्यांना उचलून नाचवलं. वर उचललेले असतानाही ते तेच विचारत होते.

पिकवणी केंद्राचं दार उघडलं त्या दिवशी अर्धा बाजार जमला. पहिलं खोकं उघडलं, पिवळंधमक सोनं. दुसऱ्या फण्या अध्यक्षांनी स्वतः बाहेर काढल्या.

मी काही सांगायची गरज नाही. पाठीच्या बाजूला, खालच्या टोकाला, एकजात काळं पडलं होतं. अध्यक्षांनी सवयीनं डागावर बोट फिरवलं. बोट दाबल्यावर साल फाटलं आणि आतला गर ओघळला. त्यांनी हात झटकला नाही. तसेच उभे राहिले. अक्का समोरच होती. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "कोठी लागलं होतं तुले?"

अक्कानं कंबर दाखवली नाही. फणीच दाखवली. "तठेच."

मी तिथे चिडले, हे नोंदवून ठेवते. बाई अंथरुणाला खिळली तेव्हा विश्वास बसला नाही, केळं काळं पडलं तेव्हा बसला! या माणसांच्या काळजाचा रस्ता फळबाजारातून जातो! मी हे मोठ्यानं बोलणारच होते. काकांनी माझ्या हातात फोमची एक शीट ठेवली. "धर. बाकड्याला लागेल." मी धरून राहिले. शीट हातात असताना मूठ आवळून घोषणा देता येत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक असावं.

बाकडी झाली. अध्यक्षांनी पैसे दिले, ठेकेदारानं मान खाली घातली. काकांनी आराखडा काढला: खाली पोळ्याचा पुठ्ठा, वर फोम, पाठीला टेकण, ताडपत्रीचे पट्टे. रशियन अवकाशवीराप्रमाणे प्रत्येक बाईचा साचा घ्यायचा त्यांचा फार आग्रह होता. अक्कानं निरोप पाठवला, "शेठ माप लेवाले उना तं ईळा दाखाडसू." म्हणजे, मापं घ्यायला आला तर विळा दाखवीन. शेवटी काकीजी टेप घेऊन गेल्या आणि साऱ्या बायांची मापं हसत-खिदळत घेऊन आल्या. येताना म्हणाल्या, "हे पापड लाटण्यापेक्षा बरं."

आता मी धुळ्याला असते. संघटनेचं काम इकडे सुरू केलंय, कापसाच्या बायांमध्ये. काका रविवारी व्हिडिओ पाठवतात, पापड खाली येताना गल्लीचा आरडाओरडा ऐकू येतो. तुटलेली गिऱ्हाइकं बरीचशी परतली. बऱ्हाणपूरची खोकी गच्चीवरून टाकून पाहिली होती म्हणे त्यांनी.

नवी बाकडी बसवलेली गाडी पहिल्यांदा निघाली त्या सकाळी मी पण हौद्यात होते. विजयाचं पत्रक खिशात होतं, फोटो काढायचा होता, बागेच्या दाराशी पोचलो की बाया मुठी वर करून ओरडणार असं ठरलं होतं. काका चाकावरच्या कोपऱ्यात, यमुनाअक्काच्या शेजारी, पट्टा बांधून ताठ बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. नाल्याचा उतार आला, गाडी आपटली, मी घाबरून अक्काकडे पाहिलं.

तिचं डोकं काकांच्या खांद्यावर कललं होतं. तोंड उघडं. तिच्यापुढची बाई झोपलेली, तिच्यापलीकडचीही. पहाटे चारला उठून भाकरी थापून आलेल्या साऱ्याजणी, ओळीनं, एकमेकींवर टेकून, गाढ. त्या गाडीत आजवर कुणाचा डोळा लागला नव्हता.

काका हलले नाहीत. खांदा अवघडला असणार, पण श्वाससुद्धा जपून घेत होते. बागेच्या दाराशी गाडी थांबली. मी मोबाईल काढला, मूठ वळली, घोषणेसाठी तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडायला माझ्याबरोबर कुणी जागंच नव्हतं.